वझे सरांची मधमाश्यांची पेटी

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी आमच्याच ओट्याखाली बॅटरी घेऊन पालथा पडलो होतो. आयुष्यभर लोकांची झुरळं मारली, आणि निवृत्त झाल्यावर लालबागच्या माझ्या खोलीत ती राजरोस फिरायला लागली. संपादकबाई म्हणाल्या, "पेस्ट कंट्रोलच्या कामाचे अनुभव लिहून द्याल का? तुमचं नाव वझे सरांनी सुचवलं. म्हणाले, माणूस आणि निसर्ग यावर मी नुसता बोलत आलो, परब त्या दोघांच्या हद्दीवर नोकरी करून आलेत."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. ज्या माणसाचा मी आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा केला, त्यानेच माझं नाव सुचवावं, आणि तेही इतक्या चांगल्या शब्दांत, हे मला पचलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच. आधी धंदा काय असतो ते सांगतो.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे पाठीवर पंप घ्यायचा आणि फवारत सुटायचं. फवारणं शेवटी येतं. आधी बसायचं असतं. घरात शिरल्यावर मी पहिली दहा मिनिटं स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचो. हा किडा खातो काय, पाणी कुठे पितो आणि येतो कुठून, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की अर्धं काम झालं. हे मला शिकवलं सावंत उस्तादांनी. वेंगुर्ल्याकडचा माणूस, परळच्या चाळीत राहायचा, सातवीच्या पुढे शाळा बघितली नव्हती. पहिल्याच दिवशी एका मोरीत मला झुरळ चावलं म्हणून मी त्याला आईवरून शिवी दिली, तर उस्ताद म्हणाले, "किड्याक गाळी घालू नको रे. तो आपला पोट भरता, तू तुजा भर." एवढं बोलून त्यांनी ते झुरळ शांतपणे मारलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची असतात. दादरच्या एका वाडीत एका कुटुंबाला ढेकूण झाले. घरातले सगळे सरकारी कचेरीत, भिंतीवर तीन पिढ्यांच्या निवृत्तीच्या समारंभांचे फोटो. त्यांची अट अशी की मी कंपनीचा शर्ट घालून यायचं नाही आणि पंप गिटारच्या पिशवीतून आणायचा. मी आणला. शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "क्लास घेता का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी त्यांच्या नातीसाठी माझा नंबर मागून घेतला, आणि मग चार महिने तिच्या सरावाची वेळ कोणती ठेवायची म्हणून फोन करत होत्या.

गिरगावात एका वाडीत मिस परेरा राहायच्या. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त, लाकडी जिन्याचं घर, एकट्या. त्यांच्याकडे उंदीर फार. पण त्यातल्या एका शेपूट तुटक्या उंदराला त्या अँथनी म्हणायच्या. मला बजावलं, "बाकीच्यांचं काय करायचं ते कर, परब. त्याला हात नाय लावायचा हं. तो घरचा हाय." आता पिंजऱ्याला काय सांगणार? तिसऱ्या दिवशी अँथनीच सापडला. मी पिंजऱ्यावर फडकं टाकून खाली उतरलो आणि त्याला चौपाटीच्या कडेला सोडून आलो. पुढे दर खेपेला त्या विचारायच्या, "अँथनी दिसला काय रे?" मी म्हणायचो, "मोरीजवळ होता, मस्त जाडा झालाय." त्या खोट्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. एक खोटं दुसऱ्या खोट्यासारखं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता वझे सर. माटुंग्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दादरला ज्या इमारतीत राहायचे, तिथलं वर्षभराचं पेस्ट कंट्रोल माझ्याकडे होतं. उंच, सडपातळ, खादीचा झब्बा, आणि कोणाशीही बोलताना मान किंचित वाकवायची सवय. समोरच्याला वाटावं की आपण काहीतरी महत्त्वाचं बोलतोय. मी त्यांच्या घरी गेलो की ते फवारू द्यायचे नाहीत, पण चहा करून द्यायचे आणि तासभर मला प्रश्न विचारायचे. वाळवीला दिसतं का, मुंग्या मेलेल्या मुंगीला कुठे नेतात, असले. मी सांगायचो. मला बरं वाटायचं.

दर रविवारी सकाळी ते सोसायटीच्या हॉलमध्ये बोलायचे. विषय एकच, माणूस आणि निसर्ग. एकदा मला म्हणाले, "परब, या ना. वहिनींनाही आणा." आणि मीच सुमनला घेऊन गेलो.

सतरंजीवर पन्नासेक माणसं दाटीने बसलेली. सर म्हणाले, "सृष्टीकडे बघण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ही सगळी इमारत माझीच, बाकी सगळे माझ्या सोयीसाठी, असं मानणारा मालक. इमारत माझी नाही, पण सांभाळायची जबाबदारी माझी, असं मानणारा राखणदार. आणि तिसरा, याच चाळीतला एक बिऱ्हाडकरू. त्याला माहीत असतं की वरच्या मजल्यावर कावळा राहतो, खालच्या मजल्यावर उंदीर, आणि नळ सगळ्यांना एकच आहे. मला तो तिसरा व्हायचं आहे." मग म्हणाले, "मुंगीला आपलं स्वयंपाकघर हे घर वाटतच नाही. तिला ती वाट वाटते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमननेही वाजवल्या. मी शेजारी बसून सावंत उस्तादांचा विचार करत होतो. तीच गोष्ट त्यांनी हातात पंप धरून आयुष्यभर सांगितली, त्यांना कोणी सतरंजी घातली नाही.

मला राहवलं नाही. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, ढेकणाला कुठल्या मजल्यावर ठेवायचं?"

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मान वाकवली आणि म्हणाले, "मला माहीत नाही, परब. खरंच माहीत नाही. तुम्ही यावर माझ्याहून जास्त विचार केला असेल." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि त्याही त्यांच्यासाठी. मला चाळीस वर्षं जे माहीत होतं त्याला एक टाळी नाही, आणि या माणसाला माहीत नाही म्हटल्यावरही टाळ्या. त्या दिवसापासून मी जळायला लागलो.

घरी तर कहरच झाला. सुमन दर रविवारी जायला लागली. मी कंटाळा केला तरी एकटी बस पकडून जायची. ओट्यावर मुंग्यांची रांग लागली की पूर्वी ओलं फडकं फिरवायची, ती आता पोस्टकार्डावर मुंग्या घेऊन कुंडीत सोडायला लागली. मी म्हटलं, "साखरेचा डबा उघडा टाकलायस, त्याला झाकण लाव, आपोआप जातील." तर म्हणाली, "तुम्हाला सगळ्याचा बंदोबस्तच सुचतो. सर बघा, कसे बघतात." आमच्या लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. मी कसा बघतो हे तिने मला एकदाही विचारलं नव्हतं. पेस्ट कंट्रोलवाल्याची बायको म्हणून तिला बहिणींसमोर थोडी लाज वाटायची, ते मला ठाऊक होतं. त्या लाजेची मला सवय झाली होती. तिच्या तोंडून दुसऱ्याचं कौतुक ऐकायची सवय नव्हती.

अशात त्या इमारतीच्या मीटरच्या कपाटात मधमाश्यांनी पोळं केलं. सातेरी माश्या, लहान, अंधाऱ्या पोकळीत राहणाऱ्या. आग्या माश्यांसारख्या माणसाच्या मागे लागत नाहीत, पण मीटर बघायला येणारा हात घालेना. सेक्रेटरी नाडकर्णी बाईंनी मला फोन केला, "परब, उद्या येऊन मारून टाका." मी निघणार तेवढ्यात त्यांचाच परत फोन, "थांबा. वझे सर म्हणतात ते हलवणार. गच्चीवर पेटीत ठेवणार. मीटिंगमध्ये सगळे त्यांच्याच बाजूचे झाले. तुम्ही फक्त पंप घेऊन उभे राहा, काही गडबड झाली तर."

म्हणजे माझं काम त्यांना, आणि मी बाजूला उभा. मी गेलो. सुमनही आली, तिला बघायचं होतं.

सर कुठेतरी शिबिराला जाऊन हे शिकून आले होते. टोपीवर जाळी, हात उघडे. पोळ्याची एकेक पट्टी हळुवारपणे कापून लाकडी चौकटीला दोऱ्याने बांधत होते. त्यांच्या मनगटावरून माश्या चालत होत्या आणि त्यांचा हात हलत नव्हता. मी खोटं बोलणार नाही, काम सुंदर होतं. राणी माशी पेटीत गेली आणि मग बाकीच्या माश्या रांगेने आपापल्या पायांनी तिच्या मागोमाग आत शिरायला लागल्या. लोक जिन्यावर उभे राहून बघत होते. सुमनच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत माझं काम बघून तिचे डोळे फक्त औषधाच्या वासाने चुरचुरले होते.

मग मी पेटीकडे बघितलं.

सर कौतुकाने सांगत होते, "सोसायटीच्या ऑफिसातलं जुनं कपाट मोडीत काढत होते. अस्सल सागवान. म्हटलं, फेकायचं कशाला, माश्यांना घर होईल." ते कपाट मला माहीत होतं. सागवानाला वाळवी लागत नाही असं सगळे म्हणतात, पण ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं की लागते. पाच महिन्यांपूर्वी मीच त्याला औषध केलं होतं. लाकडाला बारीक भोकं पाडायची, सुईने आत औषध भरायचं, लाकूड पिऊन तृप्त होईपर्यंत, आणि मग भोकं बुजवायची. बाकीचे लोक पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, ठिपके दिसतात. मी त्याच लाकडाचा भुसा सरसात मळून भरतो आणि वरून पॉलिशचा हात देतो. उस्तादांची पद्धत. भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही, पण मला सापडतं. पेटीच्या पुढच्या फळीवर, माश्या शिरत होत्या त्या फटीच्या वर, माझी भोकं ओळीने बसली होती.

लोकांना वाटतं औषधाचा वास गेला की औषध गेलं. लाकडात ते वर्षानुवर्षं राहतं. राहावं म्हणूनच तर घालतात.

तेवढ्यात सरांनी जाळी वर केली, माझ्याकडे वळले आणि मान वाकवून म्हणाले, "परब, किडा तुम्हाला कळतो. माझं काही चुकत असेल तर आत्ता सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. सुमन सरांकडे बघत होती.

मी म्हटलं, "नाही सर. झकास आहे."

मला त्या क्षणी काय वाटलं ते इतक्या वेळा आठवून बघितलंय. माश्या मराव्यात असं मला वाटलं नव्हतं. त्या मरतील हे माहीत होतं, पण ते मी मनाच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि दार लावलं. पुढच्या खोलीत फक्त एवढंच होतं की या माणसाचं एकदा तरी चुकू दे, आणि तिला ते दिसू दे.

चौथ्या दिवशी नाडकर्णी बाईंनी बोलावलं. गच्चीच्या लाद्यांवर माश्या सरपटत होत्या. उडायला जायच्या आणि गोल फिरून पडायच्या, जिभा बाहेर आलेल्या. औषध लागलेली माशी कशी मरते ते मला कोणी सांगायला नको. सर गुडघ्यांवर बसून एकेक माशी कागदावर उचलून सावलीत ठेवत होते. मला बघून म्हणाले, "काय झालं असेल हो?"

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं. सकाळचे नऊ वाजले होते.

आठवडाभरात पेटी रिकामी झाली. पुढच्या रविवारी सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मी बिऱ्हाडकरू असल्याच्या गप्पा मारत होतो आणि दुसऱ्याचं बिऱ्हाड हलवायचा हुकूमही मीच काढला. मालकापेक्षा वाईट झालो. ज्याला एवढं कळत नाही त्याने दुसऱ्यांना सांगू नये." आणि व्याख्यानं बंद केली. पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं आणि म्हणाले, "फवारा, परब. तुमचंच बरोबर होतं."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. सुमन रविवारी घरी राहायला लागली. एके दिवशी बघतो तर ओट्यावरच्या मुंग्यांवरून तिने पूर्वीसारखं ओलं फडकं फिरवलं. मी तिला पोस्टकार्ड आणून दिलं असतं, पण कोणत्या तोंडाने देणार होतो?

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी निवृत्त झालो. या लेखात हे लिहिण्याचा माझा काहीही विचार नव्हता. मी कागदावर लिहितो आणि सुमन मोबाइलवर टाइप करते, कारण संपादकबाईंना तसंच हवं आहे. गिटारची पिशवी झाली, मिस परेरा झाल्या, अँथनीवर ती हसली. गेल्या गुरुवारी दुपारी टाइप करता करता तिचा फोन वाजला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, सरांच्या इमारतीत परत माश्या आल्यात. त्याच मीटरच्या कपाटात. नाडकर्णी बाईंनी रविवारच्या ग्रुपवर टाकलंय. सर तयार झालेत म्हणे, रविवारी हलवणार. तीच पेटी आहे, त्यांनी जपून ठेवलीय, घासून धुऊन उन्हात वाळवलीय."

"ती पेटी नाही चालणार," मी म्हटलं.

"का?"

मी तिला सांगितलं. सागवान, भोकं, भुसा, सगळं. ती म्हणाली, "मी तिथेच उभी होते. तुम्ही झकास आहे म्हणालात. मला वाटलं, किती मोठ्या मनाचे आहात."

दोन वर्षांपूर्वी तिने माझं कौतुक केलं होतं, मनातल्या मनात, आणि ते नेमकं त्या शब्दासाठी.

"आत्ता जा," ती म्हणाली.

सर घरीच होते. पेटी खिडकीपाशी ठेवली होती. मी बसलो नाही, उभ्या उभ्या सांगितलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. म्हणाले, "कुठे आहेत भोकं? मी तर स्वतः घासलीय ती." मी त्यांच्या हाताचं बोट धरलं आणि फळीवर टेकवलं. इथे. इथे. आणि इथे. ते बोट पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. चष्मा काढून जवळून बघितलं.

"हाताला लागतच नाही हो," ते म्हणाले. "फार सफाईचं काम आहे, परब."

मग पेटी खाली ठेवली आणि विचारलं, "का?"

"तुमच्यासमोर सतरंजी भरायची, सर. सुमन बसायची."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उठून आत गेले, चहा टाकल्याचा आवाज आला. दोन कप घेऊन बाहेर आले. "दोन वर्षं मी..." असं काहीतरी म्हणाले आणि पुढचं गिळलं. मग म्हणाले, "रविवारी या. लाकूड तुम्ही निवडा. आणि हे लेखात लिहा. माझं नाव बदलू नका."

मी घरी आलो. सुमन दारातच होती. "काय म्हणाले सर?"

"रविवारी बोलावलंय. लाकूड मी निवडायचं. म्हणाले, छापा."

"केवढा माणूस," ती म्हणाली.

आणि खरं सांगतो, एवढं सगळं होऊनही ते दोन शब्द मला टोचले.

ती फोन घेऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "सांगा पुढचं. सरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नक्की काय म्हणालात, ते आधी सांगा."

मी सांगितलं. तिने ते तसंच टाइप केलं, फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. बाकीचा लेख मी एका बोटाने टाइप केला आहे.